नकाशा माझा, लढाया वैशालीच्या

११ जानेवारी २००७, महागाव
आमचा पोरगा प्र. सकाळच्या गाडीने नागपूरला गेला. कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. ऑफिसातला जुना आहे, त्याच्या खोलीवर ठेवायला जागा नाही. आता तो समोरच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी. सौ.ने लगेच जुन्या साडीचं झाकण शिवलं.

दोन दिवस पोरगा मला त्यावरचा एक खेळ शिकवत होता. "बाबा, तुम्ही नकाशेवाले माणूस, तुम्हाले आवडन पाहा." पस्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला कशाची लालूच दाखवायची, बरोबर कळतं त्याला.

खेळ असा. मोठा नकाशा. नद्या, घाट, गावं, किल्ले. आपली गावं निळी. सैन्य हलवायचं, रस्ते बांधायचे, मग 'पुढे' दाबायचं, की बाकीचे राजे आपापल्या चाली करतात. 'पुढे' दाबेपर्यंत हवा तेवढा विचार करा, कोणी हटकत नाही. पण दोन सैन्यं भिडली की नकाशा जातो आणि मैदान उघडतं. तिथं घोडे धावतात, माणसं पडतात, आणि तुमच्यासाठी कोणी थांबत नाही.

पहिला भाग मला जमेल. दुसऱ्याचं कठीण. उजवा हात. डॉक्टर म्हणतो कंपवात, वाढत जाईल, गोळ्या चुकवू नका.

१४ जानेवारी
संक्रांत. समोरच्या खोलीत बायका, खेळ बंद. वै. चार वेळा चहा घेऊन आली-गेली. वैशाली, आमची सून. लग्नाला आठ महिने झाले. माझ्याशी बोलते ते दोनच वाक्यं, 'चहा ठेवू का' आणि 'गोळी घेतली का'. मी दोन्हींना 'हो' म्हणतो. प्र.ला नागपुरात मोठी जागा मिळाली की ती तिकडे जाईल.

१७ जानेवारी
पहिली लढाई. नदीच्या उताराशी शत्रू, माझे घोडेस्वार टेकडीवर. जागा उत्तम, मीच निवडलेली. माउसचा बाण हलवायला गेलो आणि हात थरथरला. सगळे घोडे नदीत. ते परत बोलावतो तोवर पायदळ पळालं. सात मिनिटांत खलास.

एक बटण सापडलं. लढायचं नाही, नुसता निकाल मागायचा. कॉम्प्युटर निम्मे लोक मारतो आणि वर 'विजय' म्हणून अभिनंदन करतो. आता तेच दाबत राहणार. हात वाचतो.

२२ जानेवारी
आज नवल झालं. बटणाऐवजी चुकून मैदान उघडलं. मी बाण धरून बसलेलो. मागून आवाज,
"मामाजी, समोरून कायले जाता? डावीकून घ्या ना."

वै. हातात चहा घेऊन उभी. मी उठलो. म्हटलं, घे, कर तूच. पदराला हात पुसून बसली. कशानं निवडायचे, कशानं पाठवायचे, एवढं विचारलं. मग काहीच करेना. शत्रू टेकडी चढायला लागला.
"अवं, हलव ना!"
"थांबा मामाजी. चढून थकू द्या त्यायले."

मग डावीकडून घोडे. शत्रू असा पांगला की मला हसूच आलं. विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणे, "बाबाकडं गुरं होती ना. उधळलेल्या गुराच्या समोर नाई जाव. बाजूनं गेलं का ते आपोआप वळते."

चहा दोघांचाही गार झाला. तिने पुन्हा केला.

२३ जानेवारी
ठरलं. नकाशा माझा, लढाया तिच्या.

२ फेब्रुवारी
भारनियमनाचं वेळापत्रक बदललं. आता दुपारी बारा ते चार लाइट. वै. अकरालाच स्वयंपाक उरकते. सौ. म्हणाली, "सासरा अन् सून मिळून राज्य चालवून राह्यले. मेथी कोण निवडन?" वै.ने मेथीची जुडी आणून कॉम्प्युटरपुढेच ठेवली. माझी चाल चालू असेल तोवर मेथी, लढाई लागली की हात धुऊन हजर.

सेनापतींची नावं परदेशी, जिभेला पेलत नाहीत. वै.ने तिच्या बाबांच्या बैलांची नावं दिली. मोठा तो पवळ्या, तरणा तो बादल. पवळ्या म्हातारा आहे पण मागे हटत नाही.

९ फेब्रुवारी
चारला पाच मिनिटं असताना लढाई संपवायची घाई. लाइट गेली तर सगळं पुन्हा. वै. घड्याळ पाहत नाही, मी पाहतो आणि ओरडतो. आज दोन मिनिटं राखून जिंकलो. सौ. शेजारी येऊन बसलेली कळलीच नाही. म्हणाली, "तो लाल झेंडेवाला लबाड हाये. त्याच्यावर भरोसा नका ठेवू."

लाल झेंडेवाल्याशी मी कालच तह केला आहे.

१५ फेब्रुवारी
लाल झेंडेवाल्याने तह मोडला. सौ. दिवसभर खूश.

२१ फेब्रुवारी
वै.शी भांडण झालं. खरं भांडण, आवाज चढवून. तिचं म्हणणं, मी सगळं सैन्य भिंतींच्या आड ठेवतो.
"बसून बसून खाऊन राह्यले ते. त्यायले बाहीर काढा."
मी म्हटलं, नकाशा माझा.
"तं मंग लढायाबी तुमच्याच करा."

अर्ध्या तासाने ताक घेऊन आली. मीही पवळ्याला बाहेर काढला. आठ महिने या घरात 'चहा ठेवू का' एवढंच ऐकलं. त्यापेक्षा हे बरं वाटलं, का कोण जाणे.

२७ फेब्रुवारी
पेपरात रोज तेच. अमुक गावचा शेतकरी, वय इतकं, फवारणीचं औषध पिऊन. पहिलं पान मी मोठ्याने वाचायचो चहाच्या वेळी, जुनी सवय. आता नाही वाचत. तिचे वडील मुकुटबनला एकटे शेती करतात. आई लहानपणीच गेली, भाऊ-बहीण नाही. ती कप उचलताना पेपराकडे पाहते आणि घडी घालून ठेवते.

८ मार्च
मुकुटबनहून फोन. व्याह्यांना लकव्याचा झटका. जीव वाचला, डावी बाजू गेली. वै. दुपारच्या गाडीनेच निघाली. यवतमाळ, वणी, मग मुकुटबन. पूर्ण दिवस जातो. बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढताना म्हणाली, "बादलले घाटात ठेवलं हाये. एकटं पुढं नका पाठवू."

१४ मार्च
बादल घाटातच उभा. मी चाली करतो आणि 'पुढे' दाबतो. लढाई येईल अशा वाटेलाच जात नाही. सौ. विचारते, आज काय झालं? मी म्हणतो, काही नाही, रस्ते बांधले.

मेथी कोणी आणत नाही.

२६ मार्च
वै. आली. वाळली आहे. जेवल्यावर बोलली. व्याह्यांचं शेत सव्वानऊ एकर, काळी जमीन. शेजारचं शेत दिलीपचं, म्हणजे तिच्या चुलत भावाचं. दोन वर्षं तो नांगरताना धुरा, म्हणजे मधला बांध, थोडा थोडा आत सरकवतो आहे. यंदा बोरीचं झाड होतं तिथपर्यंत आला. झाडही तोडलं. बापाला म्हणाला, काका, तुमच्यानं आता होत नाही, सगळंच मी वाहतो.

"मी पेरणार हाये यंदा," वै. म्हणाली. आमच्यापैकी कोणाकडेच पाहत नव्हती. "बाबाले सांगून आली."

१ एप्रिल
प्र. आलेला. त्याला नागपुरात दोन खोल्यांची जागा मिळाली, जूनपासून. तो आनंदाने सांगायला आला होता, त्याची तरी काय चूक. वै.ने शेताचं सांगितलं.
"लोकं कापसाची पऱ्हाटी सोडून पळून राह्यले अन् तू लावाले चालली?"
"नुसती पऱ्हाटी नाई. तूरबी. खालच्या तुकड्यात सोयाबीन."
"अन् मी?"

मग दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, पाहू.

२ एप्रिल
प्र. सकाळच्याच गाडीने गेला. दुपारी लाइट आली. मी कॉम्प्युटर लावला, हाक मारली. वै. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मामाजी, तुम्ही नेहमी पाहूच म्हणता."

एवढंच. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल
एकट्याने खेळलो. लाल झेंडेवाला चालून आला. मैदान उघडायची हिंमत झाली नाही, निकालाचं बटण दाबलं. पवळ्या मेला.

तिला सांगितलं नाही.

७ एप्रिल
सांगितलं. म्हणाली, "लढला तरी का?"
मी म्हटलं, नाही. मी बटण दाबलं.
ती भांडी घासत राहिली.

११ एप्रिल
नोकरीत असंच केलं मी. मोजायचं, नकाशा काढायचा, सही करायची, बाहेर पडायचं. दोन भाऊ धुऱ्यावर कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी माझं काम कागदापुरतं. निम्म्या तालुक्याचे धुरे मी दाखवले, एकाही धुऱ्यावर उभा राहिलो नाही. साहेब लोक म्हणायचे, माणूस सरळ आहे. सरळ होतोच. घाबरटही होतो.

आज माळ्यावरून जुनी ट्रंक काढली. माझी स्वतःची फीत आहे, निशाणाच्या काठ्या आहेत. सौ.ने धूळ झटकून दिली. कशाला हवं, विचारलं नाही.

१८ एप्रिल
मोजणी कार्यालयात जुनी ओळख निघाली. गटाच्या नकाशाची नक्कल मिळाली. रीतसर मोजणीचा अर्जही व्याह्यांच्या अंगठ्याने करायला लागेल. पण तिथं रांग आहे आणि एकदा पेरणी झाली की पीक निघाल्याशिवाय कोणी साखळी घेऊन येत नाही. दिवाळीनंतर. माझ्या मोजणीला कायद्यात किंमत नाही. तरी निदान खरं काय ते तर कळेल.

नक्कल वै.पुढे ठेवली. बराच वेळ बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "मामाजी, उन्हाचं झेपन का तुम्हाले?"

४ मे, मुकुटबन
काल संध्याकाळी पोचलो. व्याही खाटेवर. मला पाहून उठायला गेले. जमेना. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला, त्यांचा स्थिर होता, माझा हलत होता. दोघंही हसलो. बोलणं अजून जड येतं त्यांना. "पोरगी... ऐकत नाई," म्हणाले. मी म्हटलं, माझंही नाही ऐकत.

५ मे
आजचं नीट लिहून ठेवतो.

सकाळी सहालाच शेतात गेलो, उन्हाच्या आधी. वै. फीत ओढणार, काठ्या रोवणार. मी छत्रीखाली नकाशा घेऊन सांगणार. रस्त्याकडच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड शाबूत होता, तिथून सुरुवात. तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नाही. आठपर्यंत तीन बाजू झाल्या. हिशेबाने चौथ्या कोपऱ्याचा दगड दिलीपच्या नांगरटीत, बारा पावलं आत.

तेवढ्यात दिलीप ट्रॅक्टर घेऊन आला. मागे चार-पाच लोक, गावातलेच. ट्रॅक्टर आमच्या काठीपासून हातभर अंतरावर आणून उभा केला, इंजिन चालूच.
"वैशू, महागाववाल्या बाबूले सांग, इथं त्यायचं काम नाई."

मी नकाशा उचलला आणि बोलायला गेलो. हात इतका हलायला लागला की कागद फडफडला. दिलीप हसला. "हात पाहा साहेबाचा. हे मोजणार?"
वै. काठी धरून तिथंच उभी.
"हात हालते. नकाशा नाई हालत."

कोणीतरी मागे हसलं. या वेळी आमच्यावर नाही.

मग मला काय झालं माहीत नाही. मी छत्री मिटली आणि ट्रॅक्टरपुढून चालत गेलो. बारा पावलं मोजली, टाच रोवली. म्हटलं, "इथं खणा. हातभर. दगड निघाला नाही तर मी आत्ताच्या गाडीनं परत जातो."

दिलीप हलला नाही. एका म्हाताऱ्याने वै.च्या हातची कुदळ घेतली. हातभर खणलं, काही नाही. वै. म्हणाली, "आणखी." आणखी चार बोटं. ठण्ण.

माती वै.ने हाताने काढली. चौकोनी दगड, डोक्यावर छिन्नीची फुली. म्हातारा म्हणाला, "हा तं जुनाच हाये. माह्या बापानं दाखवलता."

दिलीप म्हणाला, "दगड कोणीबी पुरते. सरकारी मोजणीच्या दिवशी पाहून घेऊ." पण ट्रॅक्टर मागे घेतला.

घरी येऊन दारात पाय धुताना वै. म्हणाली, "मामाजी, तुम्ही ट्रॅक्टरच्या समोरूनच गेले ना."
मी म्हटलं, चुकलंच.
हसली. मार्चपासून पहिल्यांदा.

६ मे
शेजाऱ्याच्या मोबाईलवरून प्र.ला फोन केला. सांगितलं, यंदा तिला पेरू दे.
"बाबा, तुम्ही तिच्या बाजूनं?"
"हो."
"अन् माह्यं घर?"
तुझ्या घराचंही खरं आहे, म्हटलं. पण हे शेत एक साल पडीक राहिलं तर पुन्हा तिचं होत नाही. त्याने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ काही सांगितलं आणि त्याच्या विरुद्धच सांगावं लागलं. रात्री झोप नाही.

१२ मे, महागाव
परत आलो, एकटाच. सौ.ला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि पिशवी भरायला लागली. "पोरीले एकटं ठेवून आले? आजारी माणूस, वरून शेत. मले जाव लागन." तीस वर्षांत ही बाई माझ्याशिवाय यवतमाळपलीकडे गेलेली नाही.

१३ मे
सौ. गेली. मी खिचडी केली. करपली.

१ जून
खेळ लावला. घाटात बादल अजून उभा. मैदान उघडलं, डाव्या हाताने बाण धरला. हरलो. पण बादल जिवंत परत आणला. वै.ला फोनवर सांगितलं. म्हणे, "हरले तरी चालते. पळाले नाई ना?"

तिला शेताचा नकाशा पाठवला आहे टपालाने. वरचे तास, म्हणजे ओळी, पऱ्हाटीचे, मध्ये तूर, खाली सोयाबीन. तिने फोनवरच दुरुस्त्या सांगितल्या. तूर दगडाच्या बाजूला हवी म्हणते, उंच वाढते, दुरून दिसते.

१९ जून
सरकी आणि तूर टोबून झाली, एकेक बी हाताने मातीत. दगडापर्यंत. सौ.नेही दोन दिवस टोबली, कंबर धरली म्हणे, आवाजात मात्र फुशारकी.

२५ जून
सौ. परत आली, काळवंडून. कोंब वर आले आहेत. पण दिलीप दोनदा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. सांगून गेला, दगडाजवळच्या तिच्या तासांवर डवरा फिरवून कोंब उपटीन. वै. दुपारचा डबा शेतातच खाते, बापाला शेजारच्या काकूंकडे सोपवून. प्र.चा तिला एकही फोन नाही. इकडेही नाही.

मी जाईन म्हटलं. डॉक्टर नाही म्हणतो, गोळ्या बदलल्या आहेत, चक्कर येते.

३० जून
दुपारी प्र. आला. न कळवता. जेवला. मग समोरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला. या खेळात लढाई जपून ठेवता येते, पुन्हा पाहता येते. फेब्रुवारीतली एक वै.ने ठेवली होती, नदीच्या उतारावरची, चारला दोन मिनिटं राखून जिंकलेली. ती लावून पाहत बसला. पूर्ण पाहिली. पुन्हा लावली.
"बाबा, हे तुम्ही खेळले?"
"माझा फक्त नकाशा. लढाई वैशालीची."
"मले कधी सांगितलं नाई तिनं."
सौ. दारातून म्हणाली, "तू कधी पुसलं?"

तो पडद्याकडेच पाहत होता. घोडे थांबलेले, वै.ने थांबवून ठेवलेले, शत्रू चढतो आहे. 

१ जुलै
सकाळी प्र. म्हणाला, वणीची गाडी किती वाजता?
वै.ला परत आणायला चालला, की तिथं राहायला, हे विचारणं ओठावरच राहिलं. सौ. चटणी, शेव, भाजणीचं पीठ बांधत होती. प्र. म्हणाला, "आई, दोन दिवसाचं दे फक्त."
सौ.ने आठ दिवसांचं बांधलं. दोघांचं. त्याला दिसलं. पिशवी उचलून वजन पाहिलं, आणि खांद्याला लावली.

गाडी वेळेवर सुटली.